कमलआत्या हयात आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

पणतू आधी, पणजोबा नंतर! शाखा दहावी शाखा दुसरीच्या आधी! अख्खं घराणं उलटंपालटं करून ठेवलंय मिलिंदने आणि वर ग्रुपवर मेसेज, "डन. प्लीज चेक." कसलं डन, कपाळ माझं.

कुलवृत्तांताच्या फोल्डरमधल्या सगळ्या पीडीएफ एका कमांडने जोडल्यान् त्याने. कमांडला काय कळतंय दहा मोठे की दोन? ती अक्षरं बघून रांग लावते. एकचा आकडा आधी, म्हणून दहा आधी. फाईलच्या नावात ०२, ०३ असं लिहा म्हणून गणपतीपासून बोंबलतेय मी. आणि कुणाला सांगतेय, तर आयटीत मॅनेजर असलेल्या चुलतभावाला, नानाकाकांच्या मुलाला. मी बापडी वागळे इस्टेटमधल्या स्कॅनिंगच्या ऑफिसात, दिवसभर लोकांचे कागद जोडायचे, तोडायचे, दाबून लहान करायचे. मला काय कळणार! नानाकाका फोनवर म्हणाले, "तू फक्त चूक झाली तर बघ हो." म्हणजे चुका मिलिंदच्या आणि बघायचं मी.

संध्याकाळी नावं बदलून परत जोडलं. आता पणजोबा आधी जन्मले.

५ नोव्हेंबर, बुधवार

कु.वृ. म्हणजे कुलवृत्तांत हे मी आता इतक्यांदा लिहिलंय की नुसतं कु.वृ. लिहिणार. नवी आवृत्ती. आधीची आजोबांच्या काळातली, खिळे जुळवून छापलेली. ही पीडीएफ, मग छापील. महिनाअखेरीस डोंबिवलीत कुलसंमेलन, तिथे प्रकाशन. ना.का. (नानाकाका, माझ्या बाबांचे धाकटे भाऊ) समितीचे अध्यक्ष.

आज ना.कां.नी कळवलं की फाईल फार जड झाली होती, म्हणून त्यांनी इंटरनेटवर "एका फुकटच्या साइटवर टाकून हलकी करून घेतली."

एका फुकटच्या साइटवर! सगळ्या घराण्याच्या जन्मतारखा, पत्ते, मोबाईल नंबर, कोणाची मुलगी अमेरिकेत कुठल्या गावात राहते ते सगळं. कोणाची साइट, कुठे ठेवतात, काय करतात, कोणास ठाऊक. म्हटलं, "काका, हे घरच्या घरी होतं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहायची. फाईल घराबाहेर जात नाही." तर म्हणे, "अगं, त्यांनी खाली लिहिलंय, आम्ही तासाभराने डिलीट करतो म्हणून." लिहिलंय! दुधात पाणी नाही असं आमचा दूधवालाही म्हणतो.

आज मूळ फाईल माझ्याकडे घेतली. फक्त वाचायची म्हणून लावून ठेवली, तिच्यावर कोणाला काही लिहिता येणार नाही, मलासुद्धा. जे करायचं ते कॉपीवर. निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये. हे ऑफिसात पहिल्या दिवशी शिकवलं होतं, तेव्हा मला ते अति काटेकोरपणाचं वाटलेलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

बाळकुमला गेलेले. कमलआत्याकडे. रिक्षावाला जुन्या गावात शिरायला तयार नव्हता, म्हणे टॉवरच्या गेटपर्यंतच सोडतो. उतरले आणि चालत गेले.

रेश्मा, आत्याची सून, दारातच. "आई, वैजूताय आयलीय!" आणि मला, "जेवल्याबिगर नाय जायाचं हां." जेवले. बोंबलांचं कालवण. आमच्या घराण्यातल्या किती जणांना हे सांगता येईल.

आत्याची माहिती घेतली कु.वृ.साठी. इतकी वर्षं बाबा गुपचूप जायचे तिच्याकडे, भाऊबीजेला, ऑफिसचं काम आहे सांगून. बाबा गेले, आता मी उघड जाते. शिक्षण, नोकरी (पालिकेच्या शाळेत, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त), पहिलं लग्न, ते सोडलं, मग नोंदणी पद्धतीने दुसरं, इथल्याच शाळेतल्या सहकाऱ्याशी. आगरी. एवढंच तिचं पाप. मुलगा, सून, नात.

फोटो मागितला तर कपाट उघडून बसली. एक पसंत पडेना. शेवटी रेश्माने मोबाईलवर अंगणातच काढला. आत्याने आधी पदर नीट केला, मग चष्मा काढला, मग परत घातला. म्हणाली, "चष्म्याशिवाय मी वाटत नाही मी."

मग हळूच, "खरंच छापणार आहेत?" म्हटलं, "छापणार म्हणजे काय! घराण्यातली लेक आहेस तू."

मी असं छातीठोक बोलायला नको होतं. पण आज बोलले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिसऱ्या शाखेत आजोबांच्या पानावर आत्याचा परिच्छेद बसवला. फोटो छान आलाय. पान समितीला पाठवलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हद्द झाली. शप्पथ, हद्द झाली.

दुपारी ऑफिसात ना.कां.चा फोन. मी जिन्यात जाऊन घेतला. संवाद जसाच्या तसा लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

"वैजयंती, ते तिसऱ्या शाखेचं पान. त्यातला कमलचा मजकूर काढावा लागेल."

"का?"

"मागच्या आवृत्तीत ती वारलेली आहे."

"काय?"

"पान काढून बघ. कमल, अल्पवयात निधन. वडिलांनी स्वतः लिहून दिलेलं आहे."

"काका, ती मागच्या शनिवारी माझ्यासोबत बोंबील खात होती."

"मला माहीत आहे ती आहे ते. पण वडिलांनी लिहून दिलंय. मी माझ्या वडिलांना छापील पुस्तकात खोटं पाडू?"

म्हणजे आजोबांनी जिवंत मुलगी मारली, त्यांचा शब्द राहिला पाहिजे, मुलगी नाही राहिली तरी चालेल! मी फोन ठेवला. तसाच, अच्छा न म्हणता. आयुष्यात पहिल्यांदा काकांचा फोन मी ठेवला. तिथेच पायरीवर बसले. जिन्यात कँटीनचा माणूस चहाची किटली घेऊन उभा, म्हणाला, "मॅडम, घरी कोणी गेलं का?"

म्हटलं, हो, फार वर्षांपूर्वी. आता कळलं.

घरी येऊन जुनी आवृत्ती काढली. आहे. बारीक अक्षरात. तिच्या पुढे मागे सख्खी भावंडं, सगळ्यांच्या जन्मतारखा, हुद्दे. आणि मध्ये एवढीशी ओळ. बाबांनी हे पान मला कधी दाखवलं नव्हतं. त्यांचीही भीड मोडली नाही आजोबांपुढे. त्यांचाही राग आला मला आज.

१६ नोव्हेंबर, रविवार

डोंबिवलीला समितीची बैठक, ना.कां.च्या घरी. पोहे, चहा. सगळे फार प्रेमाने बोलले. त्याचाच जास्त संताप आला.

एक म्हणाले, वाद नको. दुसरे म्हणाले, त्यांच्याबद्दल आदरच आहे, पण पुस्तकाला सातत्य लागतं. सातत्य! एकदा मेली ती मेलीच, असं सातत्य. मी म्हटलं, "मग शुद्धिपत्र छापा. मागच्या आवृत्तीत चुकून असं छापलं गेलं म्हणून." ना.का. एकदम, "चुकून नव्हतं ते." मग पोहे चघळायचे आवाज.

हे मात्र खरं की ना.का. मान वर करून बोलले नाहीत. आत्या सांगते, बाळू लहान असताना त्याला शाळेत मी सोडायचे, दप्तर माझ्या खांद्यावर. बाळू म्हणजे हेच ना.का. त्यांना बाळू म्हणणारं या जगात आता एकच माणूस उरलंय आणि ते यांच्या पुस्तकात मेलंय.

ठरलं काय, तर मजकूर काढायचा. पण पानांचे आकडे हलता कामा नयेत, कारण मागची नामसूची सगळी पानांवर बेतलेली. मी म्हटलं, मी करणार नाही. ना.का. म्हणाले, "मिलिंद करेल."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मिलिंदने केलं. काय केलं, तर समितीकडची फाईलच संपवली!

सकाळी फोन, आवाज पडलेला. "वैजू, फाईल उघडत नाहीये गं. साइज शून्यासारखा दाखवतंय." काय केलंस? "काही नाही, घोस्टस्क्रिप्टने जरा हलकी करत होतो." निकालाचं नाव काय दिलंस? "तेच."

तेच! आत जाणारी फाईल आणि बाहेर येणारी फाईल एकाच नावाची. अरे बाबा, ती कमांड आधी बाहेरची जागा रिकामी करते आणि मग आत वाचायला जाते. वाचणार काय, कप्पाळ? स्वतःच पुसलेलं? दुसरं ते क्यूपीडीएफ तरी निदान अडवतं, म्हणतं दोन्ही नावं एकच आहेत, असं करू नका. ही नाही अडवत.

"आणि बॅकअप?" "अगं, बॅकअप म्हणून ग्रुपवर टाकलेली होती, पण ती त्या साइटवाली, फोटो सगळे पुसट." म्हणजे पंधरा वर्षं मॅनेजर.

तर आता अख्ख्या घराण्याची धड मूळ फाईल फक्त माझ्याकडे. मिलिंद म्हणाला, "प्लीज पाठव ना, पप्पांना सांगू नकोस." पाठवली. कॉपी. कॉपीच. आत आत्याचा परिच्छेद होता तसाच. म्हटलं, तू काढ. माझ्या हाताने नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मिलिंदची "फायनल" आली. तपासायला अर्थातच मी.

नजरेने बघितलं. तिसरी शाखा, आजोबांचं पान. आत्याच्या जागी पांढरं. त्यावर बारीक अक्षरात, "कमल, अल्पवयात निधन." जुन्या आवृत्तीतल्यासारखंच. फोटोची जागासुद्धा पांढरी. पदर नीट करून काढलेला फोटो.

मग सवयीने, ऑफिसात करतो तसं, फाईलमधला नुसता मजकूर बाहेर काढला. पीडीएफटूटेक्स्ट, एक ओळ. कुठलंही पान गाळलं, झाकलं, काळं केलं की हे करायचंच. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, आत काय उरलंय ते बघायचं. मराठीत काना, मात्रा, वेलांट्या इकडच्या तिकडे होऊन येतात, अर्धं वाचताच येत नाही. तशीच कचरा अक्षरं वाचत गेले आणि मध्येच, स्वच्छ:

कमल.

कमल या नावात एकही काना, मात्रा, वेलांटी नाही. ते कुठे जाणार? ते जसंच्या तसं आलेलं. पुढे बाळकुम, शाळा, मुलाचं नाव, नातीचं नाव, अर्धंमुर्धं पण सगळं.

मिलिंदने काही काढलेलंच नाहीये! वरून पांढरी पट्टी चिकटवलीय. आत्या खाली आहे. आख्खी. फोटोसकट. कोणीही फाईलमध्ये कमल शोधलं की पट्टीखालचीही सापडणार.

मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. मोठ्याने. नवरा आतून म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, आत्या सापडली.

नाही सांगणार मी त्यांना. मुळीच नाही. करा प्रकाशन. वाटा सगळ्या घराण्यात. प्रत्येकाच्या मोबाईलवर जिवंत आत्या जाऊ दे तुमच्याच हाताने.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळीच बाळकुम. इतकी खूश होते मी, जिलेबी घेऊन गेले.

आत्याला लॅपटॉपवर दाखवलं. पान दाखवलं. "अल्पवयात निधन" तिने वाचलं. चष्मा काढून मांडीवर ठेवला. मी घाईघाईने म्हटलं, थांब ना, पुढे बघ, गंमत बघ. शोधायच्या चौकटीत कमल लिहिलं. पट्टीच्या कोऱ्या भागावरही पिवळा उजेड पडला. मी म्हटलं, "बघ! तू आहेस खाली. त्यांना कळलंसुद्धा नाही."

रेश्मा टाळ्या पिटायला लागली. आत्या नाही.

ती म्हणाली, "मला कोण शोधील गं?"

म्हटलं, "कोणीही."

"ज्याला मी आहे हे माहीत आहे, त्याला शोधायची गरज नाही. ज्याला माहीतच नाही, तो हे नाव तिथे लिहिणार कशाला?"

जिलेबीचा पुडा हातातच.

मग तिचा आवाज चढला. शाळेतला असेल तो आवाज, मी कधी ऐकला नव्हता. "इतकी वर्षं झाकूनच होते मी. तुझा बाप यायचा तो झाकून यायचा. ओवाळणी द्यायचा ती झाकून. मी त्याला कधी बोलले नाय, पण प्रत्येक भाऊबीजेला तो गेला की मी भांडी आपटायचे. आणि तू आता जिलेबी घेऊन आलीस सांगायला, की आत्या, तुला मस्त झाकलंय?"

रेश्मा आत निघून गेली.

"लिहायचं तर धड लिहा. काढायचं तर धड काढा, मोकळी जागा सोडा, मला चालेल. पण मेली म्हणून लिहायचं आणि खाली जिवंत ठेवायची, हे मला नको. मी कोणाच्या पट्टीखाली राहणार नाय."

रडू आलं मला. तिच्यासमोरच. शरम वाटली ती वेगळी. मी इतके दिवस समितीला शिव्या घालतेय आणि केलं काय, तर मीही तेच.

निघताना तिने जिलेबी मात्र ठेवून घेतली. "नातीला आवडते," म्हणाली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसातून थेट डोंबिवली. ना.कां.समोर बसून सगळं सांगितलं. पट्टी म्हणजे पुसणं नव्हे. खाली मजकूर आहे, फोटो आहे, आत्याच्या घरचा पत्ता आहे, नातीचं नाव आहे. एक तर मूळ मजकुरात बदल करून नवं पान काढायचं, नाही तर आहे तसं छापायचं. आणि "निधन" हा शब्द दोन्हींत चालणार नाही.

मिलिंद लाल झाला. "एवढं कोण चेक करतंय?" म्हटलं, "मी केलं ना."

ना.का. शांतपणे म्हणाले, "जे दिसत नाही ते नाही. राहू दे."

"काका, ते आहे. दिसत नाही एवढंच."

"वैजयंती, या घरात बरंच काही असंच चालत आलंय."

तेव्हा मी म्हटलं ते म्हटलं. म्हटलं, "छापखान्याला द्यायला तुमच्याकडे पुसट फोटोंची आणि पट्टीची फाईल आहे. धड मूळ फाईल माझ्याकडे आहे. ती मी आत्याच्या पानासकट देईन. नाहीतर देणार नाही. मिलिंदला दिली ती कॉपी त्याने पट्टी लावून त्याच नावाने ठेवली असणार, विचारा त्याला."

मिलिंदने खाली बघितलं. म्हणजे परत तेच नाव! या माणसाला देव तरी काय करणार.

ना.का. उठून गॅलरीत गेले. काकू म्हणाली, "जेवून जा." नाही जेवले. परतताना ठाण्याला उतरून वडापाव खाल्ला आणि ठसका लागला, रागानेच लागला असणार.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

माझं कोणी ऐकलं नाही. पट्टीवाली फाईलच संमेलनात प्रकाशित होणार, छपाईचं "नंतर बघू." आज ग्रुपवर पडली. वर कुलूप लावलंय म्हणे, सुरक्षिततेसाठी. आणि पासवर्ड? त्याच मेसेजमध्ये खाली! पासवर्ड काय, तर कुलदैवताचं नाव आणि पुढे एकशे तेवीस. घराण्याबाहेरचा माणूससुद्धा पहिल्या फटक्यात ओळखेल. वर मिलिंदने कमांडचा फोटो टाकलाय स्क्रीनचा, त्यातही पासवर्ड ढळढळीत. खाली सत्तर जणांचे नमस्कार आणि फुलं.

मी ग्रुपवर लिहिलं. पहिल्यांदा. "तिसऱ्या शाखेतील कमलआत्या हयात आहेत. बाळकुमला राहतात. पान चुकीचं आहे." एवढंच.

एक अंगठा आला. मग कोणीतरी सुप्रभातचं गुलाब टाकलं आणि मेसेज वर सरकत गेला.

आत्याला फोन केला, सांगितलं. ती म्हणाली, "संमेलन कुठल्या हॉलमध्ये?"

३० नोव्हेंबर, रविवार

हॉलच्या बाहेरच्या पायरीवर बसून मोबाईलमध्ये लिहितेय, घरी गेल्यावर वहीत उतरवीन.

आत्या आली. मी, ती आणि रेश्मा, बाळकुमहून रिक्षा करून. जरीकाठाची साडी, चष्मा. रिक्षात फक्त मोठागावच्या पुलावर म्हणाली, "बाळूला दाढी आहे का अजून?" म्हटलं, पांढरी.

दारात नोंदणीचं टेबल. प्रत्येकाला छातीवर लावायचा बिल्ला, त्यावर नाव, शाखा, पिढी. शाखा आणि पिढी कु.वृ.मधून बघून लिहायची. टेबलावर प्राजक्ता, मिलिंदची बायको, लॅपटॉप उघडून. ती आत्याला ओळखत नव्हती. कशी ओळखणार?

"नाव काय आजी?"

"कमल."

"शाखा?"

"तिसरी. तू बघ."

मी मागे उभी. मला कळलं पुढे काय होणार ते, आणि मी गप्प राहिले. प्राजक्ताने शोधायच्या चौकटीत कमल लिहिलं. एक कमलवहिनी निघाली पुण्याच्या, एक कमलमावशी. पुढचं, पुढचं. मग पान सरकलं आणि पांढऱ्या पट्टीवर पिवळा उजेड पडला.

प्राजक्ताने वाचलं. सवयीने, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "कमल, अल्पवयात..." आणि तिथेच तोंड उघडं राहिलं. मान वर केली. आत्या समोर उभी. मागे रांग, पुण्याचे, नाशिकचे लोक.

आत्या म्हणाली, "पुढचं वाच ना."

प्राजक्ताला रडू कोसळलं. खरंच, तिचा काय दोष त्यात. मिलिंद धावत आला, स्क्रीन बघितली, माझ्याकडे बघितलं. मग आतून ना.का. आले, फेटा बांधलेला, प्रकाशनासाठी. आणि थांबले. टेबलाच्या पलीकडे ते, अलीकडे ती. इतक्या वर्षांत एकमेकांना समोर बघितलं नसेल.

आत्या म्हणाली, "बाळू, चष्मा पुस. धुकं धरलंय."

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरून उभे. मग टेबलावरचा कोरा बिल्ला उचलला, पेन उचललं, आणि तिथेच थांबले. आत व्यासपीठावरून माईकवर त्यांच्या नावाचा पुकारा सुरू, अध्यक्षांनी यावं, अध्यक्षांनी यावं.

मला तिथे उभं राहवेना, म्हणून पायरीवर आले.

आत्ता मिलिंद आला इथे. शेजारी बसला. मग म्हणाला, "वैजू, मूळ फाईल आणलीयस का गं सोबत?"

म्हटलं, "पर्समध्ये आहे पेनड्राइव्हवर. पप्पांनी मागितलीय?"

"नाही. मी विचारतोय."

"पप्पा काय करतायत?"

"उभेच आहेत. बिल्ला हातात आहे. कोराच आहे अजून."

आत माईकवर परत पुकारा झाला. मी पर्स उघडून ठेवलीय.